भौमितिक अमूर्त तैलचित्रातला रंग आणि प्रकाश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी तैलरंगात चौकोन, पट्टे आणि त्रिकोण रंगवतो. चित्रं पाहायला येणारे आणि नव्यानं रंगवू लागलेले लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. 'चौकोनच तर आहेत, त्यात काय एवढं?' या प्रश्नाला वेगळी जागा दिलेली नाही. त्याचं उत्तर बाकीच्या उत्तरांत सापडावं.

चित्रात सूर्य नाही, खिडकी नाही, सावली नाही. मग प्रकाश येतो कुठून?

तीन ठिकाणांहून. एक, खोलीतला उजेड रंगाच्या पृष्ठभागावर पडून आपल्याकडे परततो. दोन, त्यातला काही उजेड रंगाच्या थरात शिरतो, खालच्या पांढऱ्या अस्तरावर (रंगाआधी कॅनव्हासला दिलेल्या थरावर) आपटतो आणि रंगीत होऊन बाहेर येतो. तिसरा प्रकाश कॅनव्हासवर नसतोच. दोन रंग शेजारी आले की त्यांच्या तुलनेतून तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तयार होतो.

या तिसऱ्याची गरज का पडते, ते बघा. चांगला पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण नव्वद टक्के परत पाठवतो आणि काळा तीन-चार टक्के. चित्रकाराच्या हातात उजेडाचा एवढाच पल्ला असतो. उन्हात उभी भिंत आणि तिच्याआडचा काळोख यांच्यातलं अंतर याच्या कितीतरी पट मोठं. म्हणजे खरा उजेड कुणालाच रंगवता येत नाही, रंगवता येतो तो उजेडाचा संबंध. वास्तववादी चित्रकाराला निदान सावलीचा, दिव्याचा आधार घेता येतो. आपल्याकडे फक्त हा रंग आणि त्याच्या शेजारचा तो रंग. त्यामुळे भौमितिक चित्रात सगळा कारभार कडेवर चालतो, जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे.

शेजारच्या रंगामुळे रंग बदलतो, म्हणजे नेमकं काय होतं?

मिशेल-युजेन शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा धागा नीट काळा दिसत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं धागा तपासला तर रंगात काहीच खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तो काळा निस्तेज दिसत होता. या शोधाशोधीतून त्यानं १८३९ मध्ये रंगांच्या एकाच वेळी दिसणाऱ्या विरोधाचा नियम मांडला: शेजारी आलेले दोन रंग एकमेकांना शक्य तितके वेगळे भासवतात. उजळ रंग शेजारच्याला गडद करतो, आणि प्रत्येक रंग आपल्या विरोधी रंगाची झाक शेजाऱ्यावर टाकतो.

करून बघायला पाच मिनिटं लागतात. एकाच राखाडी कागदाचे दोन छोटे चौकोन कापा. एक भडक लाल कागदावर ठेवा, दुसरा पिवळ्यावर. लालवरच्या राखाडीत हिरवट झाक येते, पिवळ्यावरच्यात जांभळट. राखाडी एकच आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, तरी डोळा मानत नाही. रोबेर दलोने या फ्रेंच चित्रकारानं १९१२ च्या सुमारास खिडक्यांची जी चित्रमालिका केली, ती या नियमावरच उभी आहे. तिथे खिडकीची चौकट जवळजवळ विरघळते आणि रंगांच्या तुकड्यांमधला उजेड तेवढा राहतो.

जोसेफ आल्बर्स या चित्रकारानं शेवटची पंचवीसेक वर्षं एकामध्ये एक चौकोनच का रंगवले?

आकाराचा प्रश्न एकदाचा निकालात काढला की सगळं लक्ष रंगावर देता येतं म्हणून. १९५० मध्ये त्यानं ही मालिका सुरू केली आणि १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालू ठेवली. हजारावर चित्रं झाली. प्रत्येकात तीन किंवा चार चौकोन, ठरलेल्या मोजक्या मांडण्यांत.

त्याची काम करण्याची पद्धत आम्हा लोकांना जास्त उपयोगाची आहे. हार्डबोर्डच्या खरखरीत बाजूवर पांढरं अस्तर, त्यावर पॅलेट नाइफनं (रंग लावायच्या बोथट पातीनं), बहुतेक वेळा ट्यूबमधून थेट काढलेला, न मिसळलेला रंग. सुरुवात मधल्या चौकोनापासून, मग बाहेर सरकत जायचं. आणि बोर्डच्या मागे कोणत्या कंपनीचा कोणता रंग वापरला याची नोंद. ही शेवटची सवय तरी प्रत्येकानं लावून घ्यावी. 'तो मागच्या वर्षीचा निळा कसा केला होता?' या प्रश्नापुढे मी अनेकदा डोकं धरून बसलो आहे.

त्याच्या चित्रांत मधला चौकोन कधी पुढे येतो, कधी बोगद्याच्या टोकाच्या उजेडासारखा मागे जातो. रंग मात्र सपाट असतात, कुठेही छटा दिलेली नसते.

रंग निवडताना आधी काय ठरवायचं?

टोन. म्हणजे रंग किती उजळ आणि किती गडद. लाल की निळा हे नंतर. लोक मला दाखवायला जी चित्रं आणतात त्यांतली बरीचशी 'रंग जमत नाहीत' या तक्रारीची असतात, आणि गडबड टोनची निघते.

यात अडचण अशी की प्रत्येक रंगाला स्वतःची उंची असते. पिवळा उजळ असतो तेव्हाच पूर्ण तेजात असतो. तो गडद करायला जा, शेवाळी होऊन बसेल. अल्ट्रामरीन किंवा जांभळा याच्या उलट, गडद टोकाला राहतो. ट्यूबमधून काढल्यावर तो काळाच वाटतो, थोडा पांढरा मिसळला की निळेपण उघडतं, आणखी मिसळला की दुधाळ होतो. पिवळा आणि जांभळा एकाच टोनला आणायचे म्हटले तर दोघांपैकी एकाला आपलं तेज सोडावं लागतं. भौमितिक चित्रातली निम्मी घासाघीस हीच असते, कोणी किती सोडायचं.

टोन तपासायला डोळे किलकिले करून बघा. फोनवर काळा-पांढरा फोटो काढूनही कळतं, पण त्यावर पुरता विश्वास टाकू नका. तेजस्वी लाल किंवा किरमिजी रंग डोळ्याला त्याच टोनच्या राखाडीपेक्षा जास्त उजळ वाटतो. हेल्महोल्ट्झ-कोलराउश परिणाम म्हणतात तो हाच. फोनला तो जाणवत नाही.

सगळे रंग ट्यूबमधले, भडक वापरले, तरी चित्र विझलेलं का वाटतं?

सगळेच ओरडायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. तेज दाखवायचं तर आजूबाजूला गप्प बसणारे रंग लागतात: राखाडी, मातकट, पांढऱ्या-काळ्यानं दबलेले. दोन फुटांच्या कॅनव्हासवर बोटभर कॅडमियम नारिंगी पट्टा आणि भोवती तीन-चार टोनचे निळसर राखाडी, एवढ्यावर तो पट्टा पेटतो.

दुसरी युक्ती पायऱ्यांची. गडदाकडून उजळाकडे जाणारे अरुंद पट्टे ओळीनं लावले की शेवटचा उजळ पट्टा त्यावरच्या रंगाच्या मानानं बराच जास्त उजळ भासतो, जणू मागून दिवा लावलाय. शिवाय प्रत्येक पट्टा सपाट रंगवलेला असूनही गडद शेजाऱ्याकडची त्याची कड उजळ आणि उजळ शेजाऱ्याकडची गडद दिसते. अर्न्स्ट माख यानं एकोणिसाव्या शतकात या भासाचा अभ्यास केला, म्हणून त्यांना माखचे पट्टे म्हणतात. लोक मला विचारतात, 'इथे छटा कशी दिली?' दिलेलीच नसते.

दोन रंगांची कड थरथरते आणि डोळ्याला टोचते. हा दोष आहे का?

हवं होतं म्हणून केलं असेल तर नाही. रंग एकमेकांचे कट्टर विरोधी, पण टोन जवळजवळ सारखा, असं झालं की कड थरथरते. लाल आणि निळसर हिरवा हे नेहमीचे गुन्हेगार. आकार कुठे आहे हे ठरवायला डोळा मुख्यतः उजळ-गडद फरकावर अवलंबून असतो. तो फरक नाहीसा झाला की रंग वेगळे आहेत एवढं कळतं, पण कड नेमकी कुठे आहे ते ठरत नाही.

डच चित्रकार मोंद्रियानच्या १९४२-४३ च्या 'ब्रॉडवे बूगी-वूगी'मध्ये काळ्या रेघा नाहीत. पिवळे पट्टे आहेत, त्यांवर लाल, निळे, राखाडी चौकोन. पिवळा आणि फिकी पार्श्वभूमी टोननं जवळ असल्यामुळे ते पट्टे जागेवर ठरत नाहीत, लुकलुकतात. नको असेल तेव्हा उपाय सोपा: दोघांपैकी एकाला टोनमध्ये थोडं वर किंवा खाली सरकवा. नाहीतर मध्ये तिसऱ्या टोनची बारीक रेघ येऊ द्या.

अपारदर्शक रंगानं काचेसारखा भास कसा आणायचा?

दोन पट्टे एकमेकांवरून जातात तिथे दोघांच्या मधला वाटेल असा तिसरा रंग बसवा. डोळा लगेच एक पट्टा पारदर्शक समजतो. हा मधला रंग दोघांपैकी ज्याच्याकडे झुकेल तो पट्टा वर आल्यासारखा दिसतो. रंगीत काचेचा भास हवा असेल तर छेदाचा भाग दोघांहून गडद करा, धुक्याचा किंवा पातळ पडद्याचा हवा असेल तर दोघांच्या मधोमध ठेवा. चारही कडा एका बिंदूत काटेकोर जुळल्या पाहिजेत. तिथे एक मिलिमीटर हुकला तर काच फुटली समजा.

आणि मधला रंग मोजून मिळत नाही. दोन्ही रंग सारख्या मापानं मिसळले की जोरकस रंगद्रव्य दुसऱ्याला गिळतं. थॅलो निळा तर मटारएवढा घेतला तरी जास्तच होतो.

ॲक्रिलिक लवकर वाळतं, कड स्वच्छ येते. मग तैलरंगच का?

सपाट, कोरीव कड एवढंच हवं असेल तर ॲक्रिलिक बरं, यात वाद नाही. मी तैलरंगाला चिकटून आहे तो दुसऱ्या प्रकाशासाठी, थरात शिरून परतणाऱ्या.

खडूची पूड कोरडी असताना पांढरीशुभ्र असते, कारण हवेचा अपवर्तनांक (आत शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप) १ आणि खडूचा साधारण १.६, त्यामुळे प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो. तीच पूड जवसाच्या तेलात कालवा. तेलाचा अपवर्तनांक १.४८ च्या आसपास, खडूच्या जवळचा. प्रकाश विखुरायचा थांबतो आणि पांढरी पूड मातकट, अर्धपारदर्शक लापशी होते. टायटॅनियम पांढऱ्याचा अपवर्तनांक २.५ च्या वर असल्यामुळे तो मात्र तेलातही ठार पांढरा राहतो. प्रत्येक रंगद्रव्याचं तेलाशी असं आपापलं नातं असतं. म्हणून एकाच चित्रात एक चौकोन भिंतीसारखा बंद आणि शेजारचा पाण्यासारखा खोल करता येतो. जलद वाळणारा रंग वाळताना टोन बदलतो हेही आहेच, ॲक्रिलिक थोडं गडद होतं. तैलरंग लावल्यावर जो टोन दिसतो, तो बराचसा तसाच राहतो.

ग्लेझसाठी, म्हणजे वाळलेल्या रंगावरच्या पातळ पारदर्शक थरासाठी, कोणते रंग?

अल्ट्रामरीन, विरिडियन, क्विनॅक्रिडोन लाल आणि किरमिजी, थॅलो निळा-हिरवा, पारदर्शक लोह ऑक्साइड. कॅडमियम लाल-पिवळे अपारदर्शक, त्यांना खालच्या थरात ठेवा. खालचा थर पूर्ण वाळलेला हवा आणि वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवं. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो आणि खालचा अजून हलत असतो. मग भेगा. रशियन चित्रकार मालेविचच्या १९१५ च्या 'काळ्या चौकोना'वर आज भेगांचं जाळं आहे आणि त्यातून खालचे रंग डोकावतात. त्याखाली आणखी रंगीत रचना दडल्याचं मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयानं २०१५ मध्ये तपासणीनंतर जाहीर केलं.

पांढरा कोणता घ्यायचा?

झाकण्यासाठी टायटॅनियम. तो थंड आणि दणकट, आणि मिसळलेल्या रंगाला पटकन खडूसारखा करतो. झिंक पांढरा हळुवार आणि पारदर्शक. फिक्या छटा त्यात सुंदर येतात, पण त्याचा थर ठिसूळ होतो आणि वरचे थर सुटून येऊ शकतात. मोठ्या सपाट भागात निव्वळ झिंक मी वापरत नाही. शिशाचा पांढरा लवचिक आणि उबदार, पण विषारी. त्याची धूळ होऊ द्यायची नसते.

काळ्यात प्रकाश असू शकतो का?

ॲड राइनहार्ट या अमेरिकन चित्रकारानं १९६० पासून पाच फूट बाय पाच फुटांची काळी चित्रं केली. क्षणभर पाहिलं तर नुसता काळा कॅनव्हास. समोर थांबलं की तीन-चार मिनिटांत त्यात तीन बाय तीन असे नऊ चौकोन उमटतात, एक लालसर काळा, एक निळसर, एक हिरवट. रंगातलं तेल त्यानं इतकं काढून टाकलं होतं की पृष्ठभाग मखमलीसारखा मॅट झाला. किंचितही चकाकी असती तर एवढे सूक्ष्म फरक तिच्यात बुडाले असते. त्याची किंमत म्हणजे ती चित्रं कमालीची नाजूक, बोट लागलं तरी डाग राहतो.

तुमच्यासाठी धडा एवढाच की ट्यूबमधला एकच काळा सगळीकडे फासू नका. आयव्हरी ब्लॅक पांढऱ्यात मिसळला की निळसर राखाडी देतो, मार्स ब्लॅक त्यापेक्षा उबदार. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून हवा तो थंड किंवा उबदार काळा घरीच करता येतो.

टेप लावूनही रंग आत शिरतो. काय चुकतं?

बहुधा घाई. हाताला न चिकटणारा थर आतून वाळलेला असेलच असं नाही. अंबर दोन दिवसांत तयार होतो, कॅडमियम आणि आयव्हरी ब्लॅक आठवडा-दीड आठवडा घेतात. एकदा मी पाचव्या दिवशी लाल पट्ट्यावर टेप लावली आणि काढताना पट्टाच सोबत घेऊन आलो.

टेपची कड नखानं दाबा. आधी तिच्यावरून खालच्याच रंगाचा पातळ हात फिरवा. जे काही आत झिरपायचं ते त्या रंगात झिरपेल आणि दिसणार नाही. मग नवा रंग, टेपकडून आत असा ब्रश ओढत. रंग ओला असतानाच टेप काढा, तिरकी आणि सावकाश.

पण टेपची कड सगळ्यांना मानवत नाही, मलाही नेहमी नाही. ती चाकूनं कापल्यासारखी असते आणि तिच्यावर रंगाचा बारीक बांध उभा राहतो. तिरक्या उजेडात त्याची सावली पडते. हातानं ओढलेली रेघ किंचित श्वास घेते. मोंद्रियानची चित्रं छपाईत यंत्रासारखी दिसतात. समोर उभं राहिलं की पांढऱ्या चौकटींतले ब्रशचे फटकारे दिसतात, आणि प्रत्येक पांढरा उजेडाला वेगळा परतवतो.

काही चौकोन चमकतात आणि काही मेल्यासारखे मॅट का होतात?

खालच्या थरानं किंवा शोषक अस्तरानं वरच्या रंगातलं तेल ओढून घेतलेलं असतं. गडद रंगांत हे जास्त जाणवतं, काळा राखाडी दिसायला लागतो. चित्र वाळल्यावर त्या भागावर तेल आणि टर्पेंटाइनचं पातळ मिश्रण चोळा आणि जादा पुसून घ्या, खोली परत येते. सगळं सारखं करायचं असेल तर शेवटी वार्निश. दमार या राळेच्या वार्निशसाठी सहा महिने ते वर्षभर थांबा. आणि आधी ठरवा की सारखेपणा हवाच आहे का. एकाच काळ्याचा एक चौकोन चमकता आणि एक मॅट ठेवून केलेलं चित्र उजेड हलेल तसं बदलतं, वार्निशखाली ते गप्प होतं.

स्टुडिओत दिवा कसा हवा?

४००० ते ५००० केल्विनचा (हा आकडा उजेड किती पिवळा की निळसर ते सांगतो) आणि रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर असलेला. २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली केलेली निळ्यांची जुळवणी सकाळी खिडकीपाशी उघडी पडते. दोन रंग एका उजेडात तंतोतंत सारखे आणि दुसऱ्यात वेगळे, हेही होतं. त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असली की असं घडतं. म्हणून एकाच चौकोनाची दुरुस्ती करताना 'दिसायला सारखा' रंग चालत नाही, त्याच ट्यूबांतून मिसळावा लागतो.

संध्याकाळी दिवा न लावता चित्राकडे बघत बसायची मला सवय आहे. अंधारत जाताना लाल आधी काळे पडतात आणि निळे-हिरवे बराच वेळ तग धरतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यानं १८२५ मध्ये हे नोंदवलं. दिवसा लाल जिंकत असलेलं चित्र त्या अर्ध्या तासात निळ्याच्या हातात जातं.

चित्र पिवळं पडेल का? रंग उडतील का?

जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. कपाटात किंवा भिंतीकडे तोंड करून वर्षभर ठेवलेले पांढरे चौकोन लोण्याच्या रंगाचे होतात. काही आठवडे उजेडात ठेवले की बरेचसे सुधारतात, थेट उन्हात मात्र नको. रंग उडणं ही वेगळी गोष्ट आणि ते परत येत नाहीत. जुना अलिझरीन क्रिमसन पातळ थरात फिका पडतो, त्याऐवजी क्विनॅक्रिडोन घ्या. ट्यूबवर प्रकाशस्थिरतेची खूण असते, एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची १ किंवा २ असेल तरच घ्यायचं.

फोटोत चित्र वेगळंच का येतं?

चकाकीमुळे आणि कॅमेऱ्याच्या मर्यादेमुळे. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर ठेवा, चकाकी बरीच टळते. थॅलो हिरवा आणि काही नारिंगी स्क्रीनवर येतच नाहीत, त्यासाठी जीव काढू नका.

लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती, असं काही असतं का?

चित्रकार कांडिन्स्कीला तसं काहीतरी सापडेल असं वाटत होतं. १९२३ मध्ये बाउहाउस या जर्मन कलाशाळेत त्यानं प्रश्नावली वाटली: त्रिकोण, चौकोन, वर्तुळ यांना पिवळा, लाल, निळा यांपैकी कोणता रंग द्याल? त्याचं स्वतःचं उत्तर होतं पिवळा त्रिकोण, लाल चौकोन, निळं वर्तुळ. मला हे पटत नाही. ज्या लालाभोवती राखाडी आहे आणि ज्याभोवती नारिंगी आहे, ते दोन वेगळे लाल आहेत. अर्थ कुठल्या लालाचा लावायचा?

भौमितिक चित्र उलटं टांगलं तर काय बिघडतं?

तुमच्या चित्रावर करून बघा, बिनखर्चाची परीक्षा आहे. आल्बर्सच्या चौकोनांची मांडणी मध्यावर नसते. दोन चौकोनांमधली जागा खाली एक भाग, दोन्ही बाजूंना दोन आणि वर तीन भाग असते. त्यामुळे आतले चौकोन खाली बसल्यासारखे, वजनदार दिसतात आणि वरच्या बाजूला उजेडाला जागा मिळते. तेच चित्र उलटं केलं की मधला चौकोन छताला लटकतो. रंग तेच, मापं तीच, पण आधी जो उजेड वर चढत होता तो आता खाली सांडतो. माझी दोन चित्रं आज उलटीच टांगलेली आहेत. सही मागच्या बाजूला असल्यामुळे कुणाला कळलेलं नाही.